बुवांचं गाव आणि आपला हॉल

(रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात ‘आपापलं गाव’ या मालिकेत सोसायटीच्या हॉलमध्ये झालेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कमिटीनं यंदा चांगली कल्पना काढली. रोज आरतीआधी एका सभासदानं आपल्या मूळ गावाबद्दल वीस मिनिटं बोलायचं. काल जळगावच्या काकूंनी भरितापासून बहिणाबाईंपर्यंत सगळं सांगितलं. त्यांच्या आधी कोकणातले आपले काका बोलले, ते वीसच्या जागी पन्नास मिनिटं बोलले, पण समुद्र आला की घड्याळाचं कोण ऐकतं! आज माझी पाळी. माझं गाव इचलकरंजी.

नाशिकमध्ये इचलकरंजी सांगितलं की लोक विचारतात, “ते कोल्हापूरजवळचं ना? कापडाचं?” मी म्हणतो, होय, आपल्या मालेगावसारखं. यंत्रमागांचं गाव. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला आणि त्याला तेव्हाचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी पाठबळ दिलं. त्या एका मागाचे पुढे हजारो झाले. लोक ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणू लागले. आमच्या गल्लीत दिवसरात्र खटखट, खटखट. वडील मागावर होते. रात्रपाळी करून आले की सकाळी त्या आवाजातच झोपायचे आणि माग बंद पडला की जागे व्हायचे! वीज गेली, गाव शांत झालं, की आमच्याकडं लहान मुलं रडायला लागायची. मी अंबडच्या कारखान्यात नोकरीला लागून नाशिकला आलो, तेव्हा पहिले आठ दिवस मला शांततेनं झोप लागली नाही. हे खोटं वाटेल, पण आमच्या घरात विचारा.

तर अशा या खटखटीच्या गावाचं नाव हिंदुस्थानी संगीताच्या प्रत्येक पुस्तकात आहे. का? तर एका माणसामुळे. गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर.

जन्म १८४९, मृत्यू १९२६. तरुणपणी गाणं शिकायचं वेड घेऊन हा माणूस घराबाहेर पडला. त्या वेळी ख्यालगायकीचं मोठं पीठ होतं ग्वाल्हेर, शिंद्यांचा दरबार, हद्दूखाँ-हस्सूखाँ यांची परंपरा. त्या परंपरेतले वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे बाळकृष्णबुवा शिकले. शिकले म्हणजे आजच्यासारखं मंगळवार-शुक्रवार क्लासला जाऊन नव्हे. गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, पडेल ते काम करायचं, आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा जे कानावर पडेल ते पकडायचं. अशी वर्षं काढून ती विद्या त्यांनी दक्षिणेकडे आणली. महाराष्ट्रात ख्यालगायन रुजवण्याचं मोठं श्रेय जाणकार बुवांना देतात. मुंबईत राहिले, मिरजेत राहिले, आणि मग इचलकरंजीच्या जहागीरदारांनी त्यांना आश्रय दिला. तेच बाबासाहेब घोरपडे, ज्यांनी मागाला पाठबळ दिलं. म्हणजे बघा, आमच्या गावात माग आणि गाणं दोन्हीला एकाच माणसाचा हात लागलाय.

आता एक गंमत सांगतो. बुवांचा जन्म इचलकरंजी शहरातला नव्हे. ऐन उमेदीचं शिक्षण ग्वाल्हेरचं. सगळ्यात मोठा शिष्य घडला तो मिरजेत. तरी नाव लागलं ‘इचलकरंजीकर’. लहानपणी आम्हाला वाटायचं, आमच्या मातीतच काहीतरी आहे, पंचगंगेच्या पाण्यात सूर आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाहुणे हेच सांगायचे, आम्ही टाळ्या वाजवायचो. पण पाण्यानं गवई होत असते तर पंचगंगेकाठच्या म्हशीसुद्धा यमन गायल्या असत्या! मातीनं काही केलेलं नाही. गावानं एका गवयाला घर दिलं, पोटापाण्याची सोय केली, आणि शिष्यांना शिकवायला निवांतपणा दिला. म्हणून त्याच्या नावामागं गावाचं नाव लागलं. ‘कर’ लागतो तो असा.

बुवांचे शिष्य किती मोठे, हे सांगायला लागलो तर आरती चुकेल. औंधचे अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतुबुवा, मिराशीबुवा, नीलकंठबुवा... पण सगळ्यांत ज्यांचं नाव देशभर झालं ते विष्णु दिगंबर पलुसकर. आणि त्यांच्याबद्दल आज जरा जास्त बोलणार आहे, कारण तिथून रस्ता सरळ नाशिकला येतो.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाडचा. आमची पंचगंगा वाहत जाऊन नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, तिथंच पलीकडं कुरुंदवाड. मूळ आडनाव गाडगीळ, पण पलूस गावचे म्हणून पलुसकर. हे पलूस म्हणजे किर्लोस्करवाडीच्या शेजारचं. इथले जे लोक पंपाच्या धंद्यात आहेत त्यांना किर्लोस्करवाडी सांगायला नको. लहानपणी दारूकामाचा अपघात झाला, डोळे गेल्यासारखे झाले. उपचारासाठी मिरजेला आणलं. दृष्टी अधू झालेल्या मुलानं पुढं करायचं काय? तर गाणं. म्हणून बाळकृष्णबुवांच्या हाती सोपवलं. जवळजवळ नऊ वर्षं तालीम झाली.

मिरज सोडण्याचा प्रसंग मात्र ऐकण्यासारखा आहे. असं सांगतात की मिरजेत एक समारंभ होता. राजघराण्याच्या मर्जीतले म्हणून विष्णु दिगंबरांना आमंत्रण आलं, पण त्यांच्या गुरूंना नाही. त्यांनी विचारलं, बुवांना का नाही बोलावलं? उत्तर आलं, ते काय, गवई! आता विचार करा. ज्याच्या गाण्यावर संस्थान मिरवतं, तो पंगतीला बसायच्या लायकीचा नाही. अभिमान आहे, पण पाट मांडायची तयारी नाही. चोवीस-पंचवीस वर्षांच्या त्या शिष्याला हे लागलं. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि ठरवलं की राजाच्या मर्जीवर न राहता गाणं सामान्य माणसाच्या घरी न्यायचं.

आणि नेलंही. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. संस्थानिकाच्या पैशावर नव्हे, लोकांच्या देणगीवर आणि जलशाच्या तिकिटावर. १९०८ साली मुंबईला आले. अभ्यासक्रम, पुस्तकं, स्वरलिपी, परीक्षा, समारंभ. शाळेत जसा गणिताचा तास तसा गाण्याचा तास. चांगल्या घरच्या मुली गाणं शिकायला बाहेर पडल्या, त्यामागं या माणसाची खटपट आहे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सगळे त्यांचे शिष्य. यातले विनायकबुवा आणि देवधर मिरजेचे, नारायणराव कोल्हापूरचे. आमच्या बाजूला एसटीचा एक डेपो सोडला की दुसरा गवई लागतो म्हणतात, ते उगीच नाही.

मिरजेचा विषय निघालाच आहे तर दोन वाक्यं. रेल्वेचं जंक्शन, दवाखान्यांचं गाव, आणि तंतुवाद्यांचं गाव. पूर्वी हत्यारांना धार लावणारे शिकलगार सतार-तंबोरे करायला लागले, आणि आज देशातले मोठमोठे कलाकार मिरजेचा तंबोरा घेऊन बसतात. पंढरपूरकडच्या शेतातला भोपळा येतो, तो वाळवायचा, कोरायचा, त्यावर लाकूड बसवायचं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात स्थायिक झाले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका लहानशा स्टेशनावर त्यांचं देहावसान झालं, पण त्यांना आणलं मिरजेलाच. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि उरुसाला आजही तिथं गवई येऊन हजेरी लावतात. जन्म उत्तरेतल्या कैरान्याचा, आणि गाव मिरज. पुन्हा तेच बघा. ज्यानं जागा दिली त्याचं नाव लागलं.

आता नाशिक.

मुंबईत विष्णु दिगंबरांनी विद्यालयाची मोठी इमारत बांधली. गरीब शिष्यांना राहायला-जेवायला ठेवलं, शिकवायचं फुकट. खर्च वाढत गेला, कर्ज वाढत गेलं, गावोगावी जलसे करून ते फेडत राहिले, पण फिटलं नाही. शेवटी इमारत कर्जापायी गेली. आपल्यापैकी ज्यांनी बिल्डरच्या मागं लागून वीस-वीस वर्षांचे हप्ते फेडलेत, त्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको. हाच माणूस १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्षांनी हरकत घेतली तरी ‘वंदे मातरम्’ पूर्ण गायला होता. पण घर गेल्यावर वय झालेल्या माणसानं जायचं कुठं? ते आले नाशिकला. पंचवटीत. ‘रामनाम आधार आश्रम’ असं नाव ठेवून राहिले. रामायण, भजन, रामधून. गांधीजींच्या प्रार्थनेतून घरोघर गेलेली ‘रघुपती राघव’ची चाल त्यांचीच म्हणून सांगतात. त्यांचा मुलगा दत्तात्रय, म्हणजे डी. व्ही. पलुसकर, तेव्हा लहान होता. त्याचं बालपण या नाशिकच्या हवेत गेलं. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पुढे वडिलांच्याच शिष्यांनी, नारायणराव व्यास आणि विनायकबुवांनी, त्याला घडवलं. ‘बैजू बावरा’ सिनेमात उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबर जो दुसरा आवाज आहे तो त्यांचा. १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐका. एवढा स्वच्छ आवाज की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आपल्यालाही येईल. येत नाही, हा भाग वेगळा.

विष्णु दिगंबर गेले ते २१ ऑगस्ट १९३१ रोजी, मिरजेला. जिथं शिकले तिथंच परत जाऊन. पण शेवटच्या पडत्या काळात त्यांना आसरा दिला तो आपल्या नाशिकनं. आता मला सांगा, आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? पाहुणे आले की आपण त्यांना काळाराम दाखवतो, सीतागुंफा दाखवतो, मिसळ खायला नेतो, द्राक्षांच्या बागा दाखवतो. दादासाहेब फाळके आपले म्हणून सांगतो, कुसुमाग्रज आपले म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पलुसकर मात्र आपण सांगत नाही. कुरुंदवाड सांगतं, पलूस सांगतं, मिरज सांगते. आणि इचलकरंजी तर गुरूच्या नात्यानं सांगतेच! आमचा दावा जरा लांबून येतो, पण येतो.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, झालं ते झालं, शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी. आपला काय संबंध? म्हणून आता हॉलवर येतो. अध्यक्षसाहेब हसतायत, त्यांना कल्पना आहे.

आपल्या बी विंगमधल्या ताई गेली काही वर्षं या हॉलमध्ये संध्याकाळी गाण्याचा वर्ग घेतात. अकरा मुलं आहेत. फी नावापुरती, आणि वॉचमनच्या मुलीकडून तीही नाही. ही मुलं ज्या परीक्षांना बसतात, प्रारंभिक, प्रवेशिका, त्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. हे मंडळ विष्णु दिगंबरांच्या शिष्यांनी, ते गेले त्याच वर्षी, १९३१ मध्ये स्थापन केलं. म्हणजे ए विंगमधला आपला चौथीतला पठ्ठ्या जेव्हा भूपाचे आरोह-अवरोह म्हणतो, आणि मध्येच निषाद लावून बाईंचा ओरडा खातो, तेव्हा तो या ओळीत शेवटी का होईना, पण उभा आहे. ग्वाल्हेरहून वासुदेवबुवा, तिथून बाळकृष्णबुवा, तिथून विष्णु दिगंबर, आणि हात बदलत बदलत आपला हॉल.

गेल्या वार्षिक सभेत या वर्गाचा विषय निघाला. दोन मुद्दे होते. एक, हॉलचं भाडं. वाढदिवसाला जो दर लागतो तोच वर्गाला लावावा, हिशेबात भेदभाव नको. दोन, आवाज. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला आणि मधल्या काळात जिन्यात, लिफ्टमध्ये, व्हॉट्सॲपवर बरंच बोलून झालं. मी तिथं काही लिहिलं नाही. समोरासमोर बोललेलं बरं.

आवाजाचं आधी घेतो, कारण त्यात तक्रार करणाऱ्यांची बाजू खरी आहे. डी विंगमध्ये एका घरी रात्रपाळीचा माणूस आहे, संध्याकाळी झोपतो. रात्रपाळी काय असते ते मी घरात बघितलंय. आमचे वडील खटखटीत झोपायचे म्हणून सगळ्यांनी झोपावं, असं नाही म्हणता येणार. त्यांना दुसरा इलाज नव्हता. तेव्हा साडेसहा ते आठ एवढीच वेळ ठेवावी, डी विंगकडच्या खिडक्या लावून घ्याव्यात, तबला आठवड्यातून दोनच दिवस वाजावा, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेच्या महिन्यात वर्ग ताईंच्या घरी व्हावा. मी ताईंशी बोललोय, त्यांची तयारी आहे. त्या घरीही जाऊन आलो. चहा पिऊन आलो, म्हणजे अर्धं काम झालं असं समजायला हरकत नाही.

भाड्याचं मात्र मला पटत नाही. वाढदिवसाला लोक हॉल घेतात, फुगे लावतात, केक कापतात, घरी जातात. त्याचं भाडं घ्यावं, जरूर घ्यावं, भिंतीवरच्या चिकटपट्टीचे डागही त्यातूनच निघतात. पण तोच दर वर्गाला लावला तर तो मुलांच्या फीमध्ये येणार. मग अकराची सात होतील, आणि कुठली चार कमी होतील ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. खजिनदार म्हणतील, सोसायटी काही संस्थान नाही. अगदी बरोबर. संस्थानं गेली, जहागिऱ्या गेल्या, विष्णु दिगंबरांनी लोकांच्या देणगीवर चालवलेली इमारतही गेली. मग आता ही जागा द्यायची कुणी? राजा नाही, सरकारला सवड नाही. उरलं कोण? चारचौघांनी वर्गणी काढून बांधलेला हॉल ज्यांच्याकडे आहे, ते. पंचवीस वर्षांपूर्वी आपण पत्र्याच्या शेडमध्ये पहिला गणपती बसवला. हॉलची वर्गणी काढली तेव्हा काहींनी दोन हप्त्यांत दिली, एका काकूंनी भिशीचे पैसे दिले. तेव्हा आपण म्हणालो होतो, मुलांसाठी काहीतरी होईल. हे ‘काहीतरी’ झालंय, ते आता दाराशी उभं आहे आणि आपण त्याला दरपत्रक दाखवतोय.

माझा प्रस्ताव साधा आहे. वर्गाला भाडं नको. विजेचं मीटर बघून जे येईल ते घ्यावं. वर्षातून एकदा, गुरुपौर्णिमेला, मुलांनी सोसायटीपुढे गावं. तोच मोबदला. आणि त्या दिवशी समोर खुर्च्या रिकाम्या नकोत. क्रिकेटची मॅच असली तरी नकोत! मुलगा बेसूर गायला तरी शेवटपर्यंत बसायचं. मिरजेच्या त्या समारंभात गवयाला पाट मिळाला नाही, निदान आपल्याकडं खुर्ची तरी मिळावी.

इचलकरंजीचा अजून एक मान सांगायचा राहिला. १९७४ साली मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. स्वतः उत्तम पेटी वाजवणारा, गवयांवर जीव टाकणारा माणूस. बाळकृष्णबुवांच्या गावी पु. ल., यापेक्षा चांगला योग कुठला? मोठी माणसं त्याबद्दल बोलायची तेव्हा आम्ही पोरं ऐकत बसायचो. हे आजच्या विषयात बसतं की नाही माहीत नाही, पण गावाबद्दल वीस मिनिटं दिलीत तर एवढं तर सांगणारच.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. शेवटचं. वर्गाचा जो तंबोरा आहे, तो मिरजेचाच आहे, पण त्याची जवारी बिघडली आहे. तार छेडली की गुंजत नाही, नुसती टणटणते. ती इथं कुणाला नीट लावता येईल असं मला वाटत नाही. दिवाळीत मी गावी जाणार आहे, जाताना तंबोरा मिरजेला कारागिरांकडे देईन आणि येताना घेऊन येईन. खर्च माझा, त्यावर चर्चा नको. फक्त गाडीत भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून गुंडाळायला एखादी जुनी जाड गोधडी हवी आहे. कुणाकडे असेल तर माझ्याकडे, सी विंग, दुसऱ्या मजल्यावर आणून द्या. ती परत मिळेल याची हमी मी देत नाही, तंबोऱ्याची देतो.

चला, आरतीला उभे राहू या.